दम लागणाऱ्यांचा व्यायाम: पैसा आधी कुठे घालावा

फुप्फुसाचा आजार आहे असं कळलं की घरात खरेदी सुरू होते. मुलगा ऑक्सिमीटर मागवतो. शेजारचे तीन चेंडूंचं ओढायचं यंत्र आणून देतात. कुणीतरी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने मिळतं म्हणून नंबर पाठवतं. महिना-दीड महिन्यात आठ-दहा हजार रुपये सहज निघून जातात आणि रुग्ण मात्र खुर्चीतच असतो, कारण चार पावलं टाकली की धाप लागते. ज्या एका उपचाराने असा माणूस पुन्हा जिना चढू लागतो, भाजीची पिशवी घेऊन घरी येऊ लागतो, त्यावर खर्च करायचं राहून जातं. तो उपचार म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम आणि त्याच्या जोडीने आजाराचं शिक्षण. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’ असं येतं, दवाखान्यात सगळे ‘रिहॅब’ म्हणतात. बऱ्याचदा ते चिठ्ठीवर येतच नाही. आपण विचारायचं असतं.

या लेखातले दर पुण्या-मुंबईत आणि जिल्ह्याच्या गावांत साधारण ज्या घरात असतात तेवढेच दिले आहेत. भाग, रुग्णालय आणि शिकवणाऱ्याचा अनुभव यांप्रमाणे ते वरखाली होतात, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारून घ्या. मात्र खर्चाचा क्रम सगळीकडे सारखाच ठेवावा: आधी तपासणी, मग शिकवणारा माणूस, मग औषध नीट घेण्याची साधनं, आणि यंत्रं सगळ्यांत शेवटी.

हे पैसे कशाचे?

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. रिहॅबने फुप्फुस दुरुस्त होत नाही. सीओपीडीत श्वासनलिका अरुंद झाल्या असतील, टीबी बरा झाल्यावर व्रण राहिले असतील, आयएलडीत फुप्फुस ताठर झालं असेल, तर फुंकायच्या तपासणीचा आकडा रिहॅबनंतरही जवळपास तोच राहतो. बदल होतो तो पायांत. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि झिजलेले स्नायू तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतात. मग आणखी दम, आणखी बसणं. हे चक्र औषधाने तुटत नाही, ते चालण्याने आणि वजन उचलण्याने तुटतं. तेही मोजूनमापून, हळूहळू वाढवत.

याला पुरावा भक्कम आहे. सीओपीडीच्या रुग्णांवरच्या ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण एकत्र धरून कॉक्रेनने २०१५ साली आढावा घेतला. निष्कर्ष इतका ठाम होता की रिहॅबचा उपयोग होतो की नाही एवढंच पाहायला सीओपीडीत नव्या चाचण्यांची गरज उरली नाही, असं संपादकांनी त्याबरोबर म्हटलं. अमेरिकेत सीओपीडी बळावून रुग्णालयात राहून आलेल्या सुमारे दोन लाख वृद्ध रुग्णांच्या नोंदी २०२० साली तपासल्या गेल्या. घरी आल्यावर ९० दिवसांच्या आत रिहॅब सुरू केलेल्यांपैकी वर्षभरात ७.३ टक्के दगावले, न केलेल्यांपैकी १९.६ टक्के. मुळात जे जरा धडधाकट होते तेच रिहॅबला गेले असणार, हे त्यात धरायला हवं. पण संशोधकांनी वय आणि इतर आजारांचा हिशोब करूनही फरक उरलाच. आणि रिहॅब सुरू केलेले होते तरी किती? दोन टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेसारख्या देशात ही स्थिती, तर आपल्याकडे कुणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नये.

रुग्ण थोडे नाहीत. २०१६ साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटींच्या आसपास रुग्ण असल्याचा अंदाज आहे. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे आहेत, तशाच आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, तव्यावर मशेरी भाजणाऱ्या बायकाही आहेत. आयएलडीच्या १,०८४ भारतीय रुग्णांची नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४७ टक्क्यांचा आजार श्वासातून जाणाऱ्या बाहेरच्या कणांनी झालेला होता, आणि कूलर, बुरशी, पक्षी ही त्यामागची ठळक कारणं होती. मुंबईत सज्ज्यावर कबुतरं पोसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सीओपीडी, आयएलडी, टीबीनंतरचा त्रास, ब्राँकिएक्टॅसिस, कोविडनंतर राहिलेली धाप, फुप्फुसाची शस्त्रक्रिया होणार असलेले किंवा झालेले, या सगळ्यांना रिहॅबचा उपयोग होतो. टीबी असेल तर बेडक्यातून संसर्ग होत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करायचं. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी हवी.

पहिलं बिल: तपासणी

फुंकायची तपासणी, म्हणजे पीएफटी, खासगीत साधारण ८०० ते २,००० रुपयांना होते. गेल्या काही महिन्यांत झाली असेल तर तोच रिपोर्ट घेऊन जा, नवी करायला लावली तर कारण विचारा. ईसीजी दोन-चारशे रुपयांत होतो. पण रिहॅबची खरी तपासणी वेगळीच आहे, आणि ती झाली नसेल तर पुढचा सगळा व्यायाम अंदाजपंचे चालतो. तिचं नाव सहा मिनिटं चालण्याची चाचणी.

ती कशी होते ते नीट सांगतो, म्हणजे तुमची नीट झाली का ते तुम्हांला कळेल. ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर लागतो. दोन्ही टोकांना वळायच्या खुणा, बहुधा नारंगी शंकू. वाटेत खुर्ची. रुग्णाला आधी दहा मिनिटं बसवतात, नाडी, रक्तदाब, बोटावरचा ऑक्सिजन लिहून घेतात. मग शून्य ते दहाचा तक्ता समोर धरून विचारतात, आत्ता किती दम आहे? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. त्यानंतर एकच सूचना: सहा मिनिटांत होईल तितकं चाला, धावायचं नाही, थांबावंसं वाटलं तर थांबा, घड्याळ मात्र चालूच राहील. तपासणारा बाजूने वेग लावत चालत नाही, नाहीतर रुग्ण त्याच्या वेगाने ओढला जातो. दर मिनिटाला ठरलेलं एखादं वाक्य बोलतो, एवढंच. सहा मिनिटं संपली की जिथे असाल तिथे थांबवतात, मीटर मोजतात, पुन्हा ऑक्सिजन आणि पुन्हा तोच तक्ता.

यातून दोन गोष्टी हाती येतात. एक, किती मीटर चाललात. दोन महिन्यांनी हीच चाचणी करून ३० मीटरच्या आसपास वाढ दिसली तर ती रुग्णाला रोजच्या वावरात जाणवेल इतकी मानतात. दोन, चालताना ऑक्सिजन कुठवर उतरला. बसल्यावर ९५ दाखवणारं बोट चालताना ८५ दाखवू शकतं, विशेषतः आयएलडीत. हे कळल्याशिवाय घरी एकट्याने व्यायाम करणं धोक्याचं. खासगीत या चाचणीचे ३०० ते १,००० रुपये घेतात; संपूर्ण पॅकेज घेतलं तर ती बहुधा त्यातच असते. सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही वेळची धरली आहे का ते विचारून घ्या. काही ठिकाणी शेवटची चाचणी होतच नाही. मग फरक पडला की नाही हे ना तुम्हांला कळतं ना त्यांना.

सोबत आठ प्रश्नांची ‘कॅट’ नावाची प्रश्नावली भरून घेतात: खोकला, कफ, जिना, झोप असे प्रश्न, एकूण गुण ४०. तिला पैसे पडत नाहीत. मराठीतून, रुग्णाला समजेल असं विचारलं जातंय एवढं पाहा.

मोठं बिल: आठ आठवडे

जगभरातले कार्यक्रम सहा ते बारा आठवड्यांचे असतात, आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी तासभर. हिशोबाला आठ आठवडे आणि आठवड्याला तीन वेळा धरू, म्हणजे २४ बैठका.

सगळ्यांत स्वस्त सरकारी रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो. मात्र तिथे गर्दी असते ती गुडघे-कंबरेची आणि पक्षाघाताची. फुप्फुसाच्या रुग्णांसाठी वेगळा कार्यक्रम नसला तरी छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलं आणि ‘सहा मिनिटांची चाचणी करून व्यायाम ठरवून द्या’ असं नेमकं सांगितलं, तर काम होतं. नुसतं ‘श्वासाचे व्यायाम’ म्हटलं तर तीन चेंडू हातात देऊन घरी पाठवतील.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकांच्या मोठ्या रुग्णालयांत केसपेपर आणि किरकोळ शुल्क पडतं, पण तिथे या कामाची जाणकार माणसं भेटण्याची शक्यता जास्त. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या तिन्ही ठिकाणी फिजिओथेरपीचं शिक्षण चालतं. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईबाहेरही हा विषय शिकवणाऱ्या जागा आहेत: नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा, लोणीचं प्रवरा, वर्ध्याजवळचं सावंगी. अभ्यासक्रमात हृदय आणि श्वसनाची फिजिओथेरपी हा पदव्युत्तर विषय असतो, त्यामुळे अशा ठिकाणी मास्टर्स करणारी मुलंमुली असतात. त्यांना रुग्ण हवे असतात, त्यांच्यावर वरिष्ठांची नजर असते, आणि ती जितका वेळ देतात तितका खासगीत पैसे देऊनही मिळत नाही. माझं मत विचाराल तर जवळ असं महाविद्यालय असेल तर पहिली पायरी तिथेच चढावी.

खासगी रुग्णालयात एका वेळेचे साधारण ४०० ते १,००० रुपये, गल्लीतल्या क्लिनिकमध्ये ३०० ते ६००, तालुक्याच्या गावी त्याहून कमी. पाचशे धरले तर २४ वेळांचे १२,००० होतात. फिजिओथेरपिस्ट घरी बोलावला तर दर वेळी ५०० ते १,२००, आठशेने १९,२००. आकडा मोठा वाटतो, पण त्याच आजाराने एकदा खासगी आयसीयूत पाच-सहा दिवस काढावे लागले तर बिल सहज लाखाच्या घरात जातं.

पैसे कमी असतील तर देखरेखीच्या वेळा कमी करा, कार्यक्रम सोडू नका. आठवड्यातून दोनदा क्लिनिकमध्ये आणि एकदा घरी, असं केलं तरी १६ वेळांचे ८,००० होतात. पहिले दोन आठवडे मात्र घरी एकट्याने करू नयेत. ऑक्सिजन किती उतरतो, दम किती लागला म्हणजे थांबायचं, हे त्या दिवसांतच कळतं. तक्त्यावर चार ते सहा एवढा दम लागेपर्यंत चालणं योग्य. म्हणजे बोलता येतं, पण तुकड्यातुकड्याने.

आणि प्रवास. बऱ्याच घरांत कार्यक्रम अर्ध्यावर सुटतो तो फीमुळे नव्हे, रिक्षेमुळे. येऊनजाऊन दोनशे रुपये धरले तरी २४ वेळांचे ४,८०० होतात, शिवाय सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवा. वेळ सकाळी दहानंतरची मागून घ्या, थंडीत पहाटेच्या गाडीने धाप वाढते.

फोनवरचा मार्ग

लांब राहणाऱ्यांसाठी एक पर्याय मला फार मोलाचा वाटतो. ऑस्ट्रेलियात १६६ सीओपीडी रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांनी रुग्णालयात जाऊन रिहॅब केलं. उरलेल्यांच्या घरी फिजिओथेरपिस्ट फक्त एकदा गेला, व्यायाम बसवून दिला, आणि पुढचे सात आठवडे आठवड्याला एक फोन. आठ आठवड्यांनी घरी व्यायाम केलेल्यांची चाल रुग्णालयातल्यांच्या तोडीस तोड निघाली.

हे आपल्याकडे कसं बसवायचं? एकदा शहरात जाऊन चाचणी करायची. मग एक घरभेट किंवा एक सविस्तर बैठक, साधारण १,००० रुपये. पुढे सात फोन. प्रत्येकाचे दोनशे-तीनशे कबूल करा, फुकट मागू नका. फुकटचा फोन तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो. चाचणी धरून सगळं मिळून साडेतीन-चार हजारांत बसतं. घरात एक वही लागते: आज किती मिनिटं चाललो, दम किती, ऑक्सिजन किती, खुर्चीतून उठाबशा किती. फोनवर तीच वाचून दाखवायची. चालताना ऑक्सिजन फार उतरणाऱ्यांनी आणि तोल जाणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

काय घ्यावं, काय नको

व्यायामाला लागतं फार थोडं. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलोचं वजन. दंडांसाठी ती पुरते. हात नसलेली भक्कम खुर्ची उठाबशांना. जिन्याची खालची पायरी चढउतरायला. रबरी पट्टा तीनशे ते सातशे रुपयांना मिळतो, घेतला तर चांगलाच. पायात चालण्याचे बूट हवेत, चपलेवर नको. ट्रेडमिल घेऊ नका. घरोघरी त्यावर टॉवेल वाळत असतात.

तीन चेंडूंचं यंत्र २५० ते ५०० रुपयांना मिळतं. शस्त्रक्रियेनंतर त्याचा उपयोग आहे, पण चेंडू वर जाण्याने मांडीत ताकद येत नाही. ते म्हणजेच रिहॅब असं कुणी सांगत असेल तर त्याला रिहॅब माहीत नाही.

ऑक्सिमीटर घ्यावा, ८०० ते २,५०० रुपयांचा. बोटाला मेंदी किंवा नखाला रंग नको, हात गार नको, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या. व्यायामात ८८च्या खाली उतरला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. दिवसभर बोटाला लावून बसू नका, त्याने काळजीच वाढते.

सगळ्यांत कमी पैशात सगळ्यांत मोठा फरक करणारी वस्तू म्हणजे औषधाचा पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचा पोकळ नळीसारखा स्पेसर, ३०० ते ८०० रुपये. पंप मारायचा तो थेट तोंडात मारला की बरंचसं औषध घशालाच चिकटतं. आमच्या मावशी बरीच वर्षं पंप घेत होत्या. ओपीडीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ‘मावशी, माझ्यासमोर घ्या बघू’ म्हटलं. मावशींनी पंप हलवला नाही, कळ आधी दाबली, श्वास नंतर ओढला, आणि औषधाचा पांढरा धूर नाकासमोरून वर गेला. बाईंनी स्पेसर लावून दिला, हळू ओढायला लावलं, दहापर्यंत श्वास धरायला लावला, मग चूळ भरायला लावली. औषध तेच, डोस तोच. व्यायामाला जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं डॉक्टरांनी सांगितलेला पंप घेतला की चालणंही वाढतं. पंपाची आणि कॅप्सूलची जेनेरिक औषधं जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात, तीच आहेत का ते डॉक्टरांकडून ताडून घ्या.

आता ऑक्सिजनचं मशीन. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५,००० ते ७०,००० रुपयांना पडतं, भाडं महिन्याला ४,००० ते ८,००० आणि वर अनामत. धाप लागते म्हणून ते घ्यायचं नसतं, रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तर घ्यायचं असतं. बसल्या जागी, तब्येत स्थिर असताना, तो ८८ टक्के किंवा त्याखाली असेल आणि रक्ताच्या तपासणीतही तसं दिसलं, तरच डॉक्टर ते कायमचं लिहून देतात, आणि मग दिवसाला किमान १५ तास लावावं लागतं. विजेचा हिशोब आधीच करा. ३५० वॅटचं मशीन १६ तास चाललं तर दिवसाला ५.६ युनिट, महिन्याला १६८. घरच्या वापरात ते मिळवलं की वरच्या स्लॅबमध्ये जाता, दीड-दोन हजारांची भर धरा. जुनं मशीन घेत असाल, आणि २०२१च्या कोविड लाटेतली पुष्कळ मशीनं अजून फिरताहेत, तर ऑक्सिजनची शुद्धता मीटर लावून दाखवायला सांगा. नव्वद टक्क्यांच्या वर असायला हवी. आणि छापील किमतीला भुलू नका. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने या यंत्रांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, कारण तोवर तो १९८ टक्क्यांपर्यंत जात होता. दोन-तीन ठिकाणचे भाव विचारल्याशिवाय घेऊ नये.

लसींचे पैसे बाजूला ठेवा: फ्लूची दरवर्षी, साधारण दीड-दोन हजार, न्यूमोनियाची तीन ते पाच हजार, ती दरवर्षी लागत नाही. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर ती फुकट मिळते.

शिकवणीचा वाटा सोडू नका

व्यायामाचे पैसे भरले की शिकवणी त्यातच येते. पण घाईत आधी तीच गळते. ती मागून घ्यायची. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडणं, जिना चढताना जोराच्या पावलाला श्वास सोडणं, बादली उचलताना श्वास न कोंडणं, कफ हुंकार देऊन काढणं. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून करायची, टॉवेलऐवजी अंगात पंच्याचा झगा घातला की अंग पुसायची दमछाक वाचते. स्वयंपाकघरात रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणायचे, कारण हात डोक्यावर गेले की दम जास्त लागतो. पोळ्या बसून लाटायच्या. प्रथिनं जेवणात कुठून येणार, दाणे, अंडी, डाळ, दूध, हे घरात जे शिजतं त्यातूनच ठरवायचं. फुप्फुसाच्या आजाराने बारीक झालेला रुग्ण वरणाच्या पाण्यावर व्यायाम करू लागला तर आणखी बारीक होतो.

घरातला धूरही या शिकवणीत यायला हवा. चूल, उदबत्ती, धूप आणि डास मारायची कॉइल. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. मच्छरदाणी तीनशे रुपयांपासून मिळते.

आणि एक कागद मागून घ्या, ज्यावर लिहिलेलं असेल: कफाचा रंग बदलला, धाप नेहमीपेक्षा वाढली, ताप आला, तर पहिल्या दिवशी काय करायचं, कोणतं औषध, कुणाला फोन. तो फ्रिजवर लावा. घरातल्या एकाने तरी किमान एकदा शिकवणीला हजर राहावं, शक्यतो जो रात्री रुग्णाजवळ झोपतो त्याने.

पैसे कोण देतं?

बहुतेक आरोग्य विमा ओपीडीतल्या फिजिओथेरपीचे पैसे देत नाही. एक फट आहे. रुग्णालयात राहून घरी आल्यानंतरचे, सहसा ६० दिवसांपर्यंतचे, त्याच आजाराचे खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळतात. रिहॅब अशा वेळी घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत सुरू करावं असंच सांगतात, म्हणजे दोन्ही जुळतं. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर रिहॅबचा सल्ला आणि किती वेळा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि दर वेळची पावती ठेवा. नंतर लिहून आणलेली चिठ्ठी विमा कंपनी मानत नाही. पॉलिसीतलं ‘पोस्ट हॉस्पिटलायझेशन’चं कलम घरी आल्यावर नव्हे, दाखल असतानाच वाचा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आणि सत्तरीवरच्यांना आयुष्मान वयवंदना कार्डावर तेवढंच संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांना. ओपीडीतलं रिहॅब त्यात धरू नका. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असताना पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात. गोळ्या संपल्या की ते थांबतात, फुप्फुस मात्र अधू राहतं. दिव्यांगत्वाच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत फुप्फुसाचा जुनाट आजार नाही, त्यामुळे दिव्यांग कार्डाची आशा दाखवून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. दहा पावलांत बसावं लागणारा माणूस त्या यादीबाहेर राहतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. रिहॅब खाटेवरचं नसलं तरी तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. बैठकांचे दर कमी करून देणं त्यांच्या हातात असतं, पण ते मागितल्याशिवाय होत नाही. जुनी करप्रणाली घेणारे, आरोग्य विमा नसलेले ज्येष्ठ नागरिक वैद्यकीय खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट घेऊ शकतात. रोखीने दिलेले पैसे त्यात धरत नाहीत, तेव्हा यूपीआय किंवा चेकने द्या.

पैसे भरण्याआधी

शिकवणारी व्यक्ती महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदलेली आहे का ते विचारा. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. श्वसनाचे रुग्ण हाताळले आहेत का, ऑक्सिजन सिलिंडर आणि ऑक्सिमीटर जागेवर आहे का, धाप वाढली तर कोणत्या डॉक्टरांना बोलावतात, एका वेळी एका माणसाकडे किती रुग्ण असतात, या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळायला हवीत. पाच-सहा रुग्णांचा गट चालतो, उलट बरा. एकमेकांकडे बघून लोक टिकतात. पंधरा जणांना एकच व्यायाम चालू असेल तर तो रिहॅब नव्हे, कवायत आहे. व्यायाम दर आठवड्याला वाढतो का, हेही विचारा. पहिल्या दिवशीची बाटली आठव्या आठवड्यातही तीच असेल तर पैसे वाया गेले.

सगळं पॅकेज आगाऊ भरू नका. चार-सहा वेळांचे भरा, आणि रुग्ण आजारी पडला तर उरलेल्या वेळा पुढे ढकलणार की पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्या. पैसे घेऊनही सेवा मिळाली नाही तर आधी लेखी मागणी करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लावणं सक्तीचं नाही.

आठ आठवडे झाल्यावर खर्च थांबतो, व्यायाम थांबवायचा नसतो. सोडून दिला तर सहा महिने ते वर्षभरात मिळवलेलं बरंचसं निघून जातं. तेव्हा शेवटच्या दिवशी घरचा तक्ता लिहून घ्या, चालण्याची जागा ठरवा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सहा मिनिटांच्या चाचणीची तारीख घेऊनच बाहेर पडा. मीटर घटलेले दिसले तर दोन-तीन आठवड्यांचा छोटा फेरा पुन्हा करायचा. त्याला सहा-आठ बैठका पुरतात, म्हणजे पाचशेच्या दराने तीन-चार हजार रुपये.